लस घेतली आणि चाई पडली: काय समजायचं, काय करायचं?



गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, वहीवर सह्या झाल्या, की मग खऱ्या गप्पा सुरू होतात. अशा गप्पांमध्ये एक प्रश्न आमच्या कानावर पुन्हा पुन्हा येतो. ‘लस घेतली आणि महिन्या-दोन महिन्यांत डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली. हे लसीनंच झालं का?’ त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, जरा हळू आवाजात. ‘मग आता बाळाला पुढचा डोस द्यायचा की नाही?’

पहिला प्रश्न केसांचा आहे, दुसरा बाळाच्या जिवाचा. पण पहिल्याला नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसऱ्याचं उत्तर भीतीच देऊन टाकते. ‘काही नसतं गं, तुझ्या मनाचे खेळ’ असं म्हणून कुणी उडवून लावलं तर त्या बाईचं समाधान होत नाही. ती पदर पुढे ओढते, गप्प बसते आणि लसीकरणाच्या दिवशी बाळाला घेऊन माहेरी निघून जाते. म्हणून आज दोन्ही प्रश्न शांतपणे उलगडून बघू.

चाई म्हणजे नेमकं काय?

डोक्यावर, भुवईत किंवा पुरुषांच्या दाढीत अचानक एखादा गोल, गुळगुळीत ठिपका दिसतो. तिथे केस नसतात. बहुतेक वेळा खाज नाही, खपली नाही, दुखणंही नाही. वेणी घालताना दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात येतं. यालाच आपण चाई म्हणतो. डॉक्टर त्याला ‘अ‍ॅलोपेशिया अरिआटा’ म्हणतात.

केसांना कीड लागली, पाल चाटून गेली, असं पूर्वीपासून सांगतात. ते खरं नाही. चाईत किडा नसतो आणि ती एकीची दुसरीला लागत नाही. चाई पडलेल्या मुलीची फणी वेगळी ठेवायची, तिला शेजारी झोपू द्यायचं नाही, याची काही गरज नाही.

मग केस जातात कशाने? आपल्या शरीरात एक राखण असते. तिला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. ज्वारीच्या शेतात जसा राखणदार असतो, तसे रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे शरीराचे राखणदार. बाहेरून जंतू आला की त्याला ओळखायचं आणि हाकलायचं, हे त्यांचं काम. केसाचं मूळ ही खरं तर शरीरातली झाकून ठेवलेली जागा. राखणदारांनी तिकडे लक्ष द्यायचं नाही, अशी शरीराचीच व्यवस्था असते. चाईमध्ये हे झाकण उघडतं. राखणदार घरच्याच माणसाला चोर समजतात आणि केसाच्या मुळाभोवती गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मुळाभोवती मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारख्या या पेशी दिसतात. मुळाचं काम थांबतं आणि केस तुटून पडतो.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की मूळ मरत नाही. ते झोपी जातं. राखणदार शांत झाले की त्याच मुळातून पुन्हा केस येऊ शकतो. थोडी चाई असलेल्या माणसांपैकी साधारण निम्म्यांचे केस वर्षभरात औषधाशिवायही परत येतात. नवे केस आधी पांढरे, मऊ लवेसारखे येतात, मग हळूहळू काळे होतात. काहींना पुन्हा चाई पडते आणि थोड्या जणांचे सगळ्या डोक्यावरचे केस जातात, हेही सांगायला हवं.

चाई दुर्मीळ नाही. शंभर माणसांमागे साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते. ती लहान मुलांना, पुरुषांना, बायकांना, कुणालाही पडू शकते. घरात कुणाला चाई, थायरॉइडचा आजार किंवा कोड असेल तर शक्यता थोडी जास्त असते.

मग लसीचा आणि चाईचा संबंध आहे का?

लस राखणदारांना चोराचा चेहरा आधीच दाखवून ठेवते. त्यामुळे खरा चोर आला की ते तयार असतात. लस घेतल्यावर हात दुखतो, ताप येतो, तो राखणदार जागे झाल्याचाच परिणाम. मग जागे झालेले राखणदार एखाद्या माणसात चुकून केसांच्या मुळावर गेले, असं होऊ शकेल का?

हा प्रश्न वेडेपणाचा नाही. डॉक्टरांनीही तो विचारला आहे. अमेरिकेत १९९७ साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लस घेतल्यानंतर केस गेल्याच्या ६० नोंदी तपासून छापल्या होत्या. त्यांतल्या ४६ जणांनी हिपॅटायटिस बी म्हणजे यकृताच्या काविळीची लस घेतली होती. १६ जणांचे केस पुन्हा लस घेतल्यावर पुन्हा गेले होते. एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल, दोनदा झालं तर विचार करावा लागतो. म्हणून काही थोड्या माणसांत असा संबंध असू शकतो, असं त्या डॉक्टरांनी मांडलं. पण या ६० नोंदी जमायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला आणि त्या काळात कोट्यवधी डोस दिले गेले होते, हेही लक्षात ठेवा. पुढे चाई होण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांना हिपॅटायटिस बीची लस देऊन पाहिली. त्यांच्यात त्या लसीमुळे चाई वाढलेली दिसली नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस, फ्लूची लस आणि २०२१ नंतर कोविडची लस, यांच्यानंतर चाई पडल्याच्याही एकेकट्या नोंदी डॉक्टरांनी छापल्या आहेत. त्याच वेळी कोविडचा आजार झाल्यावर केस गेलेली माणसंही पुष्कळ होती. खऱ्या आजारात राखणदारांची धावपळ लसीपेक्षा कितीतरी जास्त होते.

थोडक्यात, लसीमुळे चाई कधीच पडत नाही असं छातीठोक सांगता येत नाही. पण लसीनंतर पडलेली प्रत्येक चाई लसीमुळेच, हे तर मुळीच खरं नाही.

कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपण रोज म्हणतो. इथे थोडा हिशेब करून बघू. गटाचा हिशेब आपण चोख ठेवतोच, तसाच हाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका जिल्ह्यातल्या माणसांच्या दवाखान्यातल्या नोंदी अनेक वर्षांच्या एकत्र करून पाहिल्या. लाख माणसांमागे दरवर्षी साधारण २० जणांना नव्याने चाई पडते, असं त्यात दिसलं. हाच आकडा आपल्याकडे धरून चालू. समजा, आपल्या तालुक्यात दोन लाख माणसं आहेत. म्हणजे वर्षाला ४० जणांना आणि तीन महिन्यांत १० जणांना चाई पडणार. कुणी लस घेवो न घेवो.

आता समजा, एका महिन्यात सगळ्या तालुक्याला लस दिली. पुढच्या तीन महिन्यांत ते १० जण म्हणणार, ‘लस घेतली आणि चाई पडली.’ ते खोटं बोलत नसतात. लस घेतली होती हे खरं, चाई पडली हेही खरं. पण लस नसती तरीही ती दहा डोकी तशीच दिसली असती. कोविडच्या वेळी जुलै २०२२ पर्यंत आपल्या देशात २०० कोटींहून अधिक डोस दिले गेले. एवढ्या माणसांत लसीच्या पुढे-मागे चाई पडलेली माणसं निघणारच.

म्हणून खरं काय ते कळायला लस घेतलेल्या खूप माणसांची आणि न घेतलेल्या खूप माणसांची तुलना करावी लागते. घेतलेल्यांमध्ये दहाच्या जागी दहाच निघाले तर तो योगायोग. तीस निघाले तर लसीकडे बोट दाखवता येईल.

बाळाचं जावळ आणि बाळंतिणीचे केस

आपल्या घरात ही गाठ सर्वांत जास्त वेळा पडते ती बाळंतपणात. ती नीट समजून घेऊ.

बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना लस असते. त्यात पाच रोगांवरची एकत्र लस असते आणि हिपॅटायटिस बी त्यातच येते. नेमकं याच वयात बाळाचं जन्माचं जावळ गळतं. डोक्याची मागची बाजू गादीवर घासून तिथे टक्कल दिसतं. हे बहुतेक बाळांचं होतं आणि सहा-आठ महिन्यांत नवे केस येतात. आजीला मात्र वाटतं, ‘सुई टोचली आणि पोराचे केस गेले.’

आईचंही तसंच. गरोदरपणात तिला धनुर्वाताची लस मिळते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फणीत केसांचे पुंजके येतात. ‘बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात’ असं काही घरांत म्हणतात. हसण्यानं केस गळत नाहीत, पण वेळ बरोबर सांगितली आहे. डोक्यावरचा एकेक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. एरवी रोज ५० ते १०० केस गळणं हे नेहमीचंच. गरोदरपणात गळायचे केस थांबून राहतात आणि बाळंतपणानंतर एकदम विश्रांतीला जातात. मग तीन महिन्यांनी ते एकत्रच पडतात. मोठा ताप, टायफॉइड, डेंग्यू, ऑपरेशन, उपासमार किंवा मोठा मानसिक धक्का यांच्यानंतरही असंच होतं. ही चाई नव्हे. यात गोल ठिपका पडत नाही, सगळीकडचे केस विरळ होतात आणि सहा महिने ते वर्षभरात बहुतेक भरून येतात.

डोक्यात काय दिसतंय ते बघा

गोल, गुळगुळीत, खाज नसलेला ठिपका असेल तर चाईची शक्यता जास्त. कधी कधी नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डेही दिसतात.

ठिपक्यावर खपली असेल, खाज असेल, केस मुळाशी तुटलेले असतील, तर ती बुरशी म्हणजे गजकर्ण असू शकते. लहान मुलांत हे जास्त. ही मात्र एकाची दुसऱ्याला लागते. तिथे फणी, टॉवेल वेगळे ठेवायचे. तिची औषधं वेगळी असतात, बहुधा पोटात घ्यायची.

कपाळाच्या वरच्या रेषेवरचे किंवा भांगाच्या कडेचे केस गेले असतील, तर घट्ट वेणी, घट्ट अंबाडा हे कारण असू शकतं.

सगळीकडे केस विरळ झाले असतील तर गेल्या तीन-चार महिन्यांत काय झालं ते आठवा. रक्त कमी असणं आणि थायरॉइडचा आजार ही आपल्या बायकांमधली नेहमीची कारणं. दोन्ही रक्त तपासून कळतात.

आणि एकाच गावात एकदम अनेकांचे केस जायला लागले तर? मग चाई नाही, दुसरंच काही तरी शोधायचं. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये काही दिवसांतच बाया-पुरुष-मुलांना टक्कल पडलं. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला. मग पाणी, रक्त, केस, धान्य यांचे नमुने तपासायला गेले. डॉ. हिंमतराव बावसकर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम नावाचं द्रव्य खूप वाढलेलं आणि जस्त कमी झालेलं आढळलं, आणि रेशनच्या गव्हाकडे बोट गेलं. ही दिशा सापडली कारण गावकऱ्यांनी लपवलं नाही आणि नमुने तपासले गेले. केस जाण्याचं कारण तर्काने नव्हे, तपासणीने सापडतं.

चाई पडली तर काय करायचं?

पहिलं, लिहून ठेवा. कोणती लस घेतली, कोणत्या तारखेला, आणि ठिपका कधी दिसला. मधल्या काळात ताप, बाळंतपण, नवं औषध, मोठं दुःख असं काही झालं का. ठिपक्याशेजारी एक नाणं धरून मोबाइलवर फोटो काढा. महिन्याने पुन्हा काढा. ठिपका वाढतोय की भरतोय ते त्यावरून कळतं.

दुसरं, आशाताईला किंवा उपकेंद्राच्या नर्सताईला सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा. लसीमुळे झालं असं वाटत असेल तर ‘याची नोंद करा’ असं स्पष्ट म्हणा. लसीनंतर झालेल्या त्रासाची नोंद घेण्याची सरकारी पद्धत आहे. त्रास लसीमुळेच झाला हे आपण सिद्ध करून द्यावं लागत नाही. औषध किंवा लसीचा त्रास कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांकही आहे. अशा नोंदी जमतात तेव्हाच खरा धोका कळतो. तक्रार करणारी बाई लसीच्या विरोधात नसते, ती सगळ्यांच्या उपयोगाचं काम करते.

तिसरं, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही तपासणी होते. लहान ठिपक्यासाठी लावायचं मलम असतं किंवा ठिपक्यातच बारीक इंजेक्शनं देतात, साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी. खूप केस गेलेल्यांसाठी आता नव्या गोळ्याही निघाल्या आहेत. त्यांतल्या बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. या गोळ्या राखणदारांना शांत करतात, म्हणून त्यांच्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तज्ज्ञाशिवाय त्या घ्यायच्या नाहीत.

चौथं, काही गोष्टी करू नका. चाईवर बिब्बा लावू नका, कातडी भाजते. लसूण, मिरची घासून आग करून घेऊ नका. गुंज उगाळून लावण्याची पद्धत काही गावांत आहे. गुंजेचं बी फार विषारी असतं. कुटलेलं, उगाळलेलं बी पोरांच्या तोंडात गेलं तर जीव जाऊ शकतो. आणि कातडी भाजून तिथे वण पडला तर झोपलेलं मूळ कायमचं मरतं. चाईने जे केलं नसतं ते उपायाने होतं. मेडिकलमधून मनानेच मलम आणून महिनोन्‌महिने लावू नका.

पाचवं, तिला एकटं पाडू नका. बाईचे केस गेले की तिला नावं ठेवायला वेळ लागत नाही. ‘काही तरी मोठा रोग असेल’, ‘मुलीचं लग्न कसं जमणार’, ही बोलणी चाईपेक्षा जास्त दुखतात. कुंकवाच्या, लग्नाच्या कार्यक्रमात ती मागे राहत असेल तर हात धरून पुढे आणा.

आणि पुढचा डोस?

चाई पडली किंवा पूर्वी पडून गेली, एवढ्यावरून लस बंद करायची नसते. तुम्हाला चाई असेल तरी तुमच्या बाळाला लस द्यायची. तुम्हाला स्वतःला एकाच लसीनंतर दोनदा चाई पडली असेल, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना ते सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने ठरवा. शेजारणीच्या सल्ल्याने नाही.

हिपॅटायटिस बीचंच घ्या. जन्माच्या वेळी आईकडून ही लागण झालेल्या दहा बाळांपैकी सुमारे नऊ बाळांत हा विषाणू कायमचा ठाण मांडतो. बाळ वरून धडधाकट दिसतं, पण मोठेपणी यकृत कडक होऊ शकतं, यकृताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत देतात. एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला क्वचित कुणाच्या डोक्यावर पडणारा, बहुतेकदा भरून येणारा ठिपका. दोन्ही पारड्यांत घालून बघा. केस परत येतात, खराब झालेलं यकृत सहसा परत येत नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा भाग मोठ्याने वाचा आणि या प्रश्नांवर बोला. आपल्या गटात कुणाला चाई पडली होती का? तेव्हा काय उपाय केले आणि केस किती दिवसांनी आले? केसांच्या किंवा दुसऱ्या कशाच्या भीतीने आपल्या वाडीतल्या कोणत्या बाळाचा डोस राहिला आहे? त्या आईच्या घरी कोण जाणार? जी जाईल तिने आधी त्या आईचं ऐकून घ्यायचं, मगच आपलं सांगायचं.